धारकर-मालिकेतली सोळा वर्षं

पुणे, ४ मार्च २०२५

ती. बेबीआत्या,

नमस्कार. फोनवर तू 'जे असेल ते लिहून पाठव' म्हणालीस आणि ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. टाइप मुद्दाम मोठा घेतला आहे.

येत्या तीन डिसेंबरला बाबांची जन्मशताब्दी. माळव्यातला पहिला सूर्यनिरीक्षक म्हणून इंदूरने त्यांना अजून नीट ओळखलेलं नाही, ते या वर्षी व्हावं असं मनात आहे. समिती झाली आहे, मी कार्यवाह. त्रेचाळीस वर्षं, ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी, छतावरच्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पुठ्ठ्यावर पाडायचं आणि त्यावरचे डाग पेन्सिलने जसेच्या तसे काढायचे, ही काय साधी गोष्ट आहे? आज जगभरचे लोक त्यांच्या आकड्यांना 'धारकर-मालिका' म्हणतात. बाबांनी छापले ते फक्त महिन्याचे आकडे. मूळ चित्रं आजवर कोणी बघितलेली नाहीत. एक मोठी संस्था ती सगळी स्कॅन करून घेणार आहे. तिथली शिवांगी किबे नावाची मुलगी हे काम बघते. आपल्या इंदूरचीच, हुशार आहे.

तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली, फेब्रुवारी १९८० नंतर बाबांनी मोजलेल्या डागांची संख्या एकदम तिसऱ्या हिश्श्याने का घटते? तेव्हा ते आजारी होते का? दुसरी, तुझ्याकडून मागे मी नमुन्यादाखल चार चित्रं नेली होती, त्यांच्या कोपऱ्यात 'इं.' असं लिहिलं आहे, ते काय? मी सांगितलं, इंदूर. बरोबर ना?

१९६३ ते ८० ची बाकीची चित्रं तुझ्याकडेच आहेत ना?

आणि शताब्दीला मुलांसाठी एक दालन आहे. बाबांच्या व्याख्यानांतला तो तीन बोटांचा प्रयोग आठवतो? तुला स्टेजवर बोलवायचे, समोर बोटं धरायचे, 'किती?' आणि तू चुकीचं सांगायचीस. मग म्हणायचे, 'ही माझी धाकटी बहीण. सांगितलेलं न ऐकता हिने ग्रहणाकडे सरळ बघितलं.' पोरं आधी हसायची, मग गप्प व्हायची. त्याचा एक व्हिडिओ मिळाला आहे. तू त्या दिवशी स्वतः आलीस तर फार परिणाम होईल.

तुझा,
नीरज


रामबाग, इंदूर, १९ मार्च

चि. नीरू,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचायला दोन दिवस लागले. ज्या अक्षरावर नजर ठेवते तेच नाहीसं होतं, बाजूचं बघावं तेव्हा हे दिसतं. पंचेचाळीस वर्षं झाली, सवय आहे. मी स्केचपेनने लिहून राहिले आहे, ओळी एकमेकींवर चढतील, सांभाळून घे.

फोनवर लोक बोलतात आणि मग म्हणतात, असं मी कुठे बोललो. कागद तसं करत नाही. म्हणून म्हटलं, लिही.

दादा १९८० मध्ये आजारी नव्हता. खणखणीत होता. त्याला बारीक डाग दिसतच नसत, पहिल्यापासून. एकसष्ट-बासष्टची त्याची चित्रं काढून बघ, तीही तशीच आहेत. मध्ये जे जास्त दिसले ते त्याला नाही दिसले, मला दिसले. जून १९६३ पासून छतावर मी असायची. दादा सकाळी कॉलेजला जायचा, शिकवायचा, लेख लिहायचा, बाहेरगावी जायचा. चित्र मी काढायची. वीस वर्षांची होते, मॅट्रिकनंतर घरीच बसलेली.

पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी करायची. बिंब पुठ्ठ्यावर हलत असतं, नळातल्या पाण्यासारखं. घाई केली तर मोठे डाग तेवढे मिळतात, बस. थांबावं लागतं. मग एखाद्या क्षणी हवा एकदम उभी राहते आणि मोठ्या डागाच्या बाजूला मोहरीच्या फोडीएवढे चार-पाच ठिपके दिसतात. त्या क्षणात जितके टिपले तितके आपले. मग परत हलायला लागतं. मी कधी कधी पाऊण तास थांबायची. वहिनी खालून ओरडायची, पोळ्या कोण करणार.

'इं.' म्हणजे इंदूर नाही. मी इंदिरा. शाळेच्या दाखल्यावर आहे. घरात कोणी म्हटलं नाही कधी, तर तुला कुठून ठाऊक असणार.

दादाने ती अक्षरं बघितली तेव्हा मीच घाबरून म्हटलं होतं, इंदूर लिहिलंय. तो म्हणाला, छान, लिहीत जा.

चित्रं माझ्या पलंगाखाली लोखंडी पेटीत आहेत. पाच हजार एकशे आठ.

बोटं मोजायला मी येणार नाही.

आत्या


पुणे, २ एप्रिल

ती. आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खरं सांगू, मला धक्का बसला. माझ्या आठवणीत तू छतावर चहा घेऊन जाणारी आहेस. अर्थात मी लहान होतो, मग अभ्यासात. तुझ्यावर अविश्वास नाही, पण ही जबाबदारीची गोष्ट आहे आणि मला सगळं समजून घ्यायला हवं.

शिवांगीला अजून यातलं काही बोललेलो नाही. तूही घाई करू नकोस. ती त्या चार नमुन्यांवर खूश आहे. म्हणाली, ६३ ते ८० च्या काळात असा डोळा जगात दोन-तीन जणांकडेच असेल. मी ऐकून घेतलं.

मग १९८० मध्ये काय झालं? बाबा कर्नाटकात खग्रास ग्रहणासाठी गेले होते, तू इकडे कोणाला न विचारता सूर्याकडे बघितलंस, आणि डोळे गेले, एवढंच मला माहीत. त्या दिवशी मी घरी नव्हतो. बाबांना तुझं फार वाईट वाटायचं, म्हणून तर ते मुलांना सावध करत फिरले.

मे महिन्यात मी इंदूरला येतो. आपण नीट बसून बोलू. तुझं नाव यायला हवं, हे मला पटतं आहे.

नीरज


रामबाग, २१ एप्रिल

चि. नीरू,

तुझं शेवटचं वाक्य मी भिंग लावून पुन्हा वाचलं. म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं.

दादा आठवडाभर आधी गदगला गेला. एकुलता एक चांगला फिल्टर होता, परदेशातून आणलेला, तो घेऊन गेला. जाताना म्हणाला, इथलं खंडग्रास तू पुठ्ठ्यावर घे, रोजच्यासारखं. पण चौदा तारखेला त्याचं पत्र आलं. पुठ्ठ्यावर बिंबाची कड थरथरते, पहिल्या स्पर्शाची, म्हणजे चंद्राची कड सूर्याला टेकण्याची, वेळ नक्की येत नाही. ती सेकंदात हवी. दुर्बिणीला डोळा लावून सीधं बघून घ्या. फोटोची धुतलेली काळी फिल्म दोन पदरी करून लावा, चालेल.

चालेल, असं लिहिलं होतं त्याने. तो प्रोफेसर होता. मी मॅट्रिक होते.

सोळा फेब्रुवारी, शनिवार. शहरात कोणी बाहेर नव्हतं. लोकांनी खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. वहिनी देवघरात बसली होती. मी छतावर रेडिओ लावून घड्याळ मिळवलं आणि दोन वाजून वीस मिनिटांनी उजवा डोळा लावला. फिल्म गरम होऊन तिला वास यायला लागला. चारेक मिनिटांत मधोमध हिरवं दिसायला लागलं, मग काळं. दुखत काही नव्हतं, रे. दुखलं असतं तर उठले असते. मला वाटलं डोळा थकला, आणि स्पर्श तर अजून व्हायचा होता. म्हणून डावा लावला.

वेळ मिळाली. दोन वाजून एकोणतीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद. मी लिहिली. ते आकडे वहीत सरळ रेषेत नाहीत, कारण लिहितानाच मला कागदाचा मधला भाग दिसत नव्हता.

दादा परतला तेव्हा आधी वही मागितली. मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांसमोर म्हणाला, हिला किती सांगितलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला, पण तोंडच दिसलं नाही. कान दिसले.

ती वेळ त्याच्या लेखात छापली आहे. तू शोध.

मी कोणाला बोलले नाही. बोलून कुठे जाणार होते? दोन स्थळं आली होती आधी, एक रतलामचं, एक इथलंच. दादा म्हणाला होता, चित्र कोण काढणार? त्यानंतर तर प्रश्नच मिटला. राहायचं त्याच्याच घरात, जेवायचं त्याच्याच ताटात, मग स्टेजवर बोटंही त्याचीच मोजली. तीन आहेत की चार, मला आवाजावरून कळायचं. तो तीन धरताना जरा खाकरायचा. पण चुकीचं सांगायचं असं ठरलं होतं.

ये तू. घरी नव्हतास, ते खरं आहे.

आत्या


पुणे, ३० जून

ती. आत्या,

मे महिन्यातले ते तीन दिवस मी विसरणार नाही. तू आपल्या हाताने केलेली दालबाटी, छतावरची ती संध्याकाळ. पेटी सुखरूप पोचली. सगळी चित्रं आता संस्थेच्या कपाटात आहेत, ओल लागायची भीती नाही.

बाबांचं गदगचं पत्र तू दाखवलं नाहीस. असेल तर पाठव, नसेल तर राहू दे.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नकोस. समितीत मी तुझा विषय कोणाचं नाव न घेता काढला. अडचण अशी आहे की अशा मालिकेची सगळी किंमत एकाच निरीक्षकामुळे असते. मध्ये डोळा बदलला की तिचे तुकडे होतात. बाबांची दोन वर्षं, मग सोळा तुझी, मग पुन्हा बाबांची, असं झालं तर धारकर-मालिका म्हणून काही उरतच नाही. आणि मधली सोळा वर्षं पदवी नसलेल्या घरातल्या बाईची, हे बाहेर कसं दिसेल? लोक बाबांच्या उरलेल्या कामावरही शंका घेतील. तुला ते नको असणार, हे मी ओळखतो.

म्हणून एक निवेदन तयार केलं आहे. त्यात आहे: 'सन १९६१ ते २००४ या काळातील सर्व सौरचित्रे डॉ. गोपीनाथ धारकर यांनी रामबाग, इंदूर येथील छतावरून स्वतः पाहून स्वहस्ते काढली. कोपऱ्यातील इं. ही खूण इंदूर या स्थानाची आहे. मी केवळ कागद व पेन्सिली यांची व्यवस्था पाहत असे.' खाली तुझी सही हवी. संस्थेला घरातल्या हयात माणसाची साक्ष लागते. तुझं नाव आभारांत नक्की येईल.

दुसरं. घर आता स्मारक होणार. तुझी छतावरची खोली हीच मूळ निरीक्षणाची जागा, तिथे बाबांचं टेबल आणि दुर्बीण मांडायची आहे. या वयात तू ते जिने चढणंही बरं नाही. हातोदच्या रस्त्यावर एक चांगला वृद्धाश्रम आहे, मी बघून आलो. हवा मोकळी आहे. तुझी जागा घेऊन ठेवली आहे.

नीरज


रामबाग, १७ जुलै

नीरू,

बघून आलास. मतलब मे महिन्यातच. दालबाटी खायच्या आधी की नंतर?

सही मी करणार नाही. घर दादाच्या नावावर होतं, आता तुझ्या. निघ म्हणशील तर निघेन, त्यात माझं काही नाही. पण ते पाच हजार कागद माझे आहेत. तू आभारांत घालशील ती बाई कोण, मला ठाऊक नाही. शिवांगीचा पत्ता मिळाला की मी तिला लिहीन.

दादाचं पत्र तुला दाखवलं नाही, त्याला कारण होतं. ते दोन पानांचं आहे. एप्रिलमध्ये मी तुला पहिल्या पानावरचं सांगितलं. दुसऱ्यावर काय आहे ते सांगायचं नाही असं पंचेचाळीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं. आज सांगते.

त्यावर लिहिलं आहे: 'डोळा नीरजने लावावा. त्याची नजर तरुण आहे, बेबीची आता छत्तिशीची. बेबीने घड्याळ बघून वेळ लिहावी. तो कुरकुर करील, त्याला सांग मी सांगितलं आहे.'

तू अठरा वर्षांचा होतास. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. फिल्मचं काही खरं नाही असं मला आतून वाटत होतं, रे. सोळा वर्षं त्या दुर्बिणीशी काढली होती, तिच्यातून येणाऱ्या उन्हाने कागद करपतो हे मला माहीत होतं. प्रोफेसरला चूक म्हणायची माझी हिंमत नव्हती, पण तुला तिथे बसवायचीही नव्हती. त्या दिवशी जेवून तू सायकल घेऊन निघालास तेव्हा मी देवाला हात जोडले. तुला हाक मारली नाही. घड्याळ डाव्या हाताला ठेवलं आणि स्वतः बसले.

तुझ्या बापाने तुझे डोळे पणाला लावले होते हे तुला कळू नये, एवढ्यासाठी मी मूर्ख ठरले. शाळाशाळांतून.

आता तू मला कागद-पेन्सिलवाली म्हण.

आत्या


पुणे, ५ ऑगस्ट

श्रीमती बेबी धारकर यांस,

आपलं १७ जुलैचं पत्र मिळालं.

दुसरं पान मला माहीत होतं. पोस्टमनने ते पाकीट चौदा तारखेला माझ्याच हातात दिलं. मी फोडलं, दोन्ही पानं वाचली आणि डिंक लावून पुन्हा बंद करून टेबलावर ठेवलं. शनिवारी मी सायकल घेऊन कृष्णपुऱ्याला गेलो आणि अंधार पडेपर्यंत तिथल्या समाध्यांवरच्या दगडी छत्र्यांच्या आत बसून राहिलो. आपण बसाल हे मला ठाऊक होतं. आपण नेहमीच बसायच्या.

तेव्हा माझ्यावर उपकार केल्याचं जे समाधान इतकी वर्षं जपलंत ते सोडून द्या. मी काही मागितलं नव्हतं. उलट आयुष्यभर त्या घरात आपण मान वाकडी करून माझ्याकडे बघायच्या आणि मला जेवण जायचं नाही. पुण्याला मी नोकरीसाठी आलो असं सगळ्यांना वाटतं.

याचा शताब्दीशी काही संबंध नाही. शिवांगीला खुशाल लिहा. पेटी संस्थेकडे माझ्या नावाने आहे. तुमच्याकडे एका पत्राची दोन पानं आहेत, आणि सगळ्या इंदूरला तुमची ओळख आहे ती ऐकलं नाही म्हणून डोळे घालवलेली बाई अशी. व्हिडिओत तुम्ही स्वतः मान डोलावताना दिसता. कोणाचं खरं मानतील?

२० तारखेला टेम्पो येईल. पलंग आणि कपडे न्यावेत. खुर्ची त्या काळातली आहे, ती प्रदर्शनात लागेल. निवेदनाची प्रत पुन्हा जोडली आहे. सही केल्यास आश्रमाची तजवीज तहहयात राहील. न केल्यास मला विचार करावा लागेल.

नीरज गो. धारकर
कार्यवाह


हातोद, ११ सप्टेंबर

चि. नीरू,

पोचले. खोलीत आम्ही चौघी आहोत. खिडकी उत्तरेला आहे, त्यामुळे ऊन आत येत नाही. माझ्या शेजारच्या गंगूबाईंना रात्रंदिवस कोणीतरी हाक मारतं आहे असं वाटतं, त्या 'आले, आले' म्हणत असतात. सोयाबीनची पोती भरलेल्या ट्रॉल्या समोरून जातात, त्यांचा आवाज असतो. जेवण ठीक.

तुझं पत्र महिनाभर जवळ ठेवलं. तू वाचलं होतंस, हे मला कधी सुचलं नाही. सोळा वर्षं बारीक बारीक डाग शोधले, आणि घरातला एवढा मोठा दिसला नाही.

निवेदनावर सही केली आहे. सोबत आहे. फक्त 'बेबी' खोडून तिथे 'इंदिरा' लिहिलं, कारण सरकारी कागदावर खरं नाव लागतं. बाकी एक अक्षर बदललं नाही. सर्व चित्रे, स्वतः पाहून, स्वहस्ते, रामबागच्या छतावरून. दोनदा वाचून घेतलं.

दादाचं पत्र इथल्या स्वयंपाकघरात गॅसवर धरलं. दोन्ही पानं. तुला त्याची काळजी नको.

शताब्दी चांगली होऊ दे.

आत्या


पुणे, १३ जानेवारी २०२६

आत्या,

हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे. माझा फोन तू घेत नाहीस, आश्रमवाले म्हणतात तू मान हलवतेस. काय झालं ते तुला कळलं असेलच, इंदूरच्या सगळ्या पेपरांत आहे.

शताब्दीच्या प्रदर्शनात बाबांच्या परदेश दौऱ्यांचं एक दालन होतं. पासपोर्टची पानं, तारखांसह फोटो, सगळं मीच लावलं होतं. शिवांगी ते बघायला आली. तिने तारखा टिपून घेतल्या आणि चित्रांवरच्या तारखांशी ताडून बघितल्या. १९६८ मध्ये बाबा पाच महिने जर्मनीत होते. त्या पाच महिन्यांत रामबागच्या छतावरची एकशे एकवीस चित्रं आहेत. अशा एकूण चारशे सदतीस. सोळा फेब्रुवारीचं तर विचारूच नकोस. गदगच्या तंबूसमोर बाबांचा फोटो, आणि त्याच दुपारी इंदूरच्या छतावर स्पर्शाची वेळ, सेकंदात.

तिने मला विचारलं, दुसरं कोणी काढायचं का? त्या वेळी मी काय सांगणार होतो? तुझं निवेदन माझ्याच सहीच्या पत्रासोबत संस्थेकडे गेलं होतं. मी म्हटलं, नाही.

संस्थेने पत्र पाठवलं आहे. ही चित्रं परदेशातल्या छापील चित्रांवरून मागाहून उतरवून काढली आणि बारीक डाग मनाने घातले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मालिका यादीतून काढली, ६३ ते ८० एवढीच नाही, सगळी. बाबांच्या नावाचा हॉल होणार होता, तो रद्द. रामबागच्या घरावर कोणीतरी डांबराने लिहून गेलं आहे.

आत्या, तू खरं काय ते त्यांना सांग. ते तुझ्याकडे येतील. निवेदन माझ्या दबावाने दिलं असं सांग, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण बाबा खोटारडे नव्हते. त्यांनी एकही डाग मनाने घातला नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? तुझीही सोळा वर्षं आहेत त्यात. मी तुझ्या पाया पडतो.

तुझा,
नीरू


हातोद, २४ जानेवारी

चि. नीरू,

तुझं पत्र पोचण्याआधीच शिवांगी येऊन गेली. संक्रांतीला आली होती, स्वतःहून. संस्थेने पाठवलं नव्हतं. पोरगी चांगली आहे. खाली सतरंजीवर बसली माझ्या पायापाशी.

तारखांचं मला माहीत होतं. सही करतानाच माहीत होतं. दादा कधी कुठे होता हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, त्याची बॅग मी भरायची. प्रत्येक चित्रावर तारीख आणि वेळ आहे. पेटी तू नेलीस, सात महिने तुझ्या ताब्यात होती, एक कागद उलटून बघितला असतास तर तुलाही कळलं असतं. मी वाट बघत होते की कोणीतरी बघेल. मी खरं सांगितलं तेव्हा तू ते नेऊन कपाटात ठेवलंस आणि मला तुझं लिहून दिलंस. मी त्याखाली सही केली. आता तेच राहू दे.

शिवांगीने एक चित्र आणलं होतं. अकरा जून अडुसष्टचं. मला म्हणाली, 'आजी, सगळे म्हणतात ही नक्कल आहे. पण मला तसं नाही वाटत. हे बघा, इथे मोठ्या डागाच्या खाली सात ठिपके आहेत. त्या दिवशी जगात दुसऱ्या कोणीही ते काढलेले नाहीत. पण बारा तारखेला ते वाढले आणि मग सगळ्यांना दिसले. ज्याने हे काढलं त्याला एक दिवस आधी दिसले होते. नक्कल करणाऱ्याला ते कसं जमेल?'



ती म्हणाली, 'निवेदनावर तुमचं नाव बघितलं. इंदिरा. कोपऱ्यात इं. आहे. आजी, हे तुम्ही काढलंत का? तुम्ही फक्त हो म्हणा. मी पुढचं सगळं करीन. मी भांडेन त्यांच्याशी.'

तिने कागद माझ्या हातात दिला. मी मान वाकडी करून तो डोळ्यांच्या कडेपाशी धरला. सात होते. त्या दिवशी हवा कितीतरी वेळ उभी राहिली नव्हती, दादा जर्मनीत, वहिनी माहेरी, खालून ओरडायला कोणी नव्हतं, म्हणून मी दोन तास थांबले होते. सातवा ठिपका काढताना पेन्सिल टेकवली आणि लगेच बिंब हललं. तसं चित्र मला परत कधी जमलं नाही.

मी एक शब्द बोलले असते तर दादा सुटला असता. मीही सुटले असते. पण दादा सुटला की पुन्हा हार त्यालाच पडले असते. आणि तू कार्यवाह.

मी तिला म्हटलं, 'नाही बेटा. मला त्यातलं काही कळत नाही. दादाच करायचा सगळं.'

तिने पुन्हा विचारलं, 'नक्की ना, आजी?' मी म्हटलं, 'पक्का.'

 मग तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला, फाइलमध्ये ठेवला, आणि इंदूरची शेवटची बस पकडायला निघून गेली.

इंदिरा धारकर